रामसूरत चाचांचं चुकलेलं मराठी

भिवंडीच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक उचलायला अकरा माणसं आली होती. ट्रंक एक, माणसं अकरा. त्या शुक्रवारची उपासना बाबांनी मुद्दाम सकाळी सहालाच उरकून घेतली होती, म्हणजे मला सोडायला सगळ्यांना येता यावं. नरसय्या मामांच्या हातात चिंचेच्या भाताचा डबा होता. ट्रंक रामसूरत चाचांच्या खांद्यावर होती आणि ते ती कुणालाही द्यायला तयार नव्हते. आई शेवटपर्यंत एकच विचारत होती, बंगळुरात पाणी कसलं असतं. कल्याणची बस लागली, मी खिडकीत बसले. बाबा खिडकीखाली आले, गज धरून उभे राहिले आणि म्हणाले, "शीक चांगली. आपल्याला लागणार हाय." बस, एवढंच. एकुलती एक मुलगी पहिल्यांदा घर सोडून चाललीय, आणि हा माणूस असा बोलतो जसं काही मी मशीनचा सुटा भाग आणायला निघालेय. खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत मी त्याच रागात होते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आज सत्तेचाळीस वर्षांची आहे, इंग्लंडच्या उत्तरेकडे एका लहानशा शहरात राहते, आणि तिथल्या कॉलेजात कॉन्टेक्स्चुअल थिऑलॉजी शिकवते. म्हणजे माणूस जिथे उभा आहे तिथून, तिथल्या बोलीतून, तिथल्या पोटापाण्यातून देवाचा विचार करायचा. आईला एकदा फोनवर हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग लोक दुसरीकडून कुठून करत्यात?" हे मी तुम्हाला लिहितेय, भिवंडीच्या त्या गल्लीत मागे राहिलेल्यांना, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनाही. एक गोष्ट कबूल करायची राहून गेली आहे, आणि ती मला इंग्रजीत करता येत नाही.

माझे बाबा लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, फिटर होते. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचे, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ते रीतसर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कधीच नव्हते. दीक्षा नाही, झगा नाही, साधी कॉलरसुद्धा नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका लूमशेडच्या वरच्या खोलीत त्यांनी ख्रिस्ती मंडळी जमवली होती, आणि ती शुक्रवारी भरायची. का? तर आमच्या भागात लूमना सुट्टी शुक्रवारी. सगळं जग रविवारी चर्चला जातं आणि आमचा रविवार दोन दिवस आधीच यायचा. लहानपणी मला वाटायचं, देवाचीही ड्युटी तशीच लावलेली असणार. लूम बंद झाले की खालून येणारी ती धडधड थांबायची, कानात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटायचं, आणि सतरंजीवर माणसं येऊन बसायची.

तीन बोलींची माणसं. गोरखपूरकडचे लूम चालवणारे, रामसूरत चाचांसारखे, त्यांची हिंदी. तेलंगणातून आलेले विणकर, नरसय्या मामांसारखे, त्यांची तेलुगू. आणि आमच्यासारखी चारपाच मराठी घरं. बाबांनी एक रीत घालून दिली होती. एक शुक्रवार मराठीचा, एक तेलुगूचा, एक हिंदीचा. ज्याचा शुक्रवार त्याच्या बोलीत सगळ्यांनी प्रार्थना करायची. येवो न येवो. मोडकीतोडकी चालेल, पण स्वतःच्या बोलीत पळून जायचं नाही. काय एकेक फजिती व्हायची! आईची तेलुगू ऐकून नरसय्या मामांची बायको पदर तोंडात कोंबून हसायची. बाबा म्हणायचे, "दुसऱ्याच्या बोलीत चार वेळा चुकल्याशिवाय त्याचा भाऊ होता येत न्हाय." शाळेच्या भिंतीवर राष्ट्रीय एकात्मता असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. बाबा मला सोडायला यायचे तेव्हा ते वाचायचे आणि मान हलवायचे. "शब्द बरोबर हाय, पण तोंडात मावत न्हाय. कामगारानं रोज म्हणायला बारका शब्द पायजे." प्रतिज्ञेवरही त्यांची तक्रार होती. तिच्यात सगळं माझा आणि माझे आहे, आपला कुठेच नाही, म्हणायचे.

हा बारका शब्द म्हणजे 'आपण'. त्यावर बाबांचा फार जीव. नवीन माणूस आला की पहिला धडा हाच असायचा. "देखो भाई, मराठी में हम दो तरह का होता है. सामनेवाला अंदर, तो आपण. सामनेवाला बाहर, तो आम्ही." नरसय्या मामांना हे शिकवावंच लागलं नाही. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "मनम् आणि मेमु! हे तर आमच्यात पण हाय!" त्या दिवशी मराठी आणि तेलुगू माणसं हिंदीवाल्यांकडे जरा दयेनेच बघत होती. बिचाऱ्यांकडे एकच हम, त्यात कोण आत, कोण बाहेर, कळायला मार्ग नाही.

मी अकरा वर्षांची असेन. मराठीचा शुक्रवार होता. रामसूरत चाचा तोवर कधी मराठीत प्रार्थना म्हणायला उठले नव्हते. मोठा धिप्पाड माणूस, पण मराठी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्या दिवशी उठले. डोळे मिटले, हात जोडले आणि ठणठणीत आवाजात सुरुवात केली, "हे प्रभू, आपण लई पापी आहोत. आपण खोटं बोलतो. आपण दारू पितो. आपल्याला माफ कर."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी खोली फुटली. आई माझ्या कानात म्हणाली, "अगं बाई, देवाला पण दारू पाजली यांनी!" मी तर लोळायचीच बाकी होते. बरोबर तर होतं, देवाशी बोलताना आम्ही म्हणायचं. आम्ही पापी, आम्हाला क्षमा कर. आपण म्हटलं की देवही त्यात आला, तोही खोटारडा, तोही दारुडा. चाचांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला होता की आज आठवलं तरी मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

बाबा हसले नव्हते. ते उठून चाचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "रामसूरतभाई, फिर से बोलो."

"गलती हो गई, उस्ताद."

"गलती नहीं हुई. फिर से बोलो."

चाचांनी पुन्हा म्हटलं, या वेळी हळू. आपण पापी आहोत, आपल्याला माफ कर. कुणी हसलं नाही. मग बाबा आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं आपण देवाला दाराबाहेर उभं करून माफी मागतोय. तो बाहेरच राहणार होता तर माणूस होऊन आला कशाला? क्रुसावर मेला कशाला?" एवढं बोलून ते खाली बसले. त्यांचे डोळे भरले होते. मी बाबांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या मंडळीत मराठीच्या शुक्रवारी तसंच म्हणायचं ठरलं. आपल्याला क्षमा कर. तेलुगूच्या शुक्रवारी मनम्. पुढे मुंबईहून एक मोठे पाळक भेटीला आले, त्यांनी हे ऐकलं आणि प्रार्थना संपायचीही वाट न पाहता म्हणाले, हे व्याकरणात बसत नाही, आणि धर्मात तर त्याहून बसत नाही. बाबा त्यांना चहा देत शांतपणे म्हणाले, "साहेब, बाप्तिस्म्याला नदीवर पाप्यांची रांग लागली व्हती. येशू त्या रांगेत उभा राहिला. त्याला कुणी रांगेतून बाजूला काढलं का?" पाळकांनी चहा तसाच ठेवला. गेले, ते परत आले नाहीत.

आता तुम्हाला कळलं असेल, बाबांनी स्टँडवर आपल्याला लागणार हाय म्हटलं तेव्हा त्यांनी काय म्हटलं होतं. मला मात्र ते कळायला फार वर्षं लागली. बंगळुरात चार वर्षं धर्मशास्त्र शिकले. भिवंडीत जे आपण नुसतं करत होतो त्याला तिकडे मोठमोठी नावं आहेत हे पाहून मी हरखून गेले. मग स्कॉलरशिप मिळाली, इंग्लंडला आले. खरं सांगायचं तर माझी पीएचडी रामसूरत चाचांच्या त्या एका चुकीवर झाली. तीनशे पानं. त्यात एक प्रकरण आमच्या प्रभुभोजनावर होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव मोडून वाटतात त्यावर, पावाऐवजी तांदळाची भाकरी का मोडायची, त्यामागे स्थानिक अन्नाचा आणि परक्या सत्तेला दिलेल्या उत्तराचा कसा विचार आहे वगैरे. ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गुरवारी आणलेला पाव शुक्रवारपर्यंत कडक व्हायचा, म्हणून मी भाकरी करायचे. तू पण ना." ते प्रकरण मी काढलं नाही. परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं.

दर शुक्रवारी घरी फोन व्हायचा, नंतर व्हिडिओ कॉल. सतरंजीवरची माणसं एकेक करून स्क्रीनसमोर यायची, हात हलवायची. मी इकडे किचनमध्ये उभी राहून हात हलवायचे. मला वाटायचं, चालू आहे सगळं. मग सतरंजी मोकळी दिसायला लागली. बाबा सांगायचे, एक शेड बंद झाली, लूम भंगारात गेले. मग दुसरी. आणि गावाबाहेर गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. पोरं तिकडे पॅकिंगला, लोडिंगला लागली. तिथे सुट्टी शुक्रवारी नाही आणि रविवारीही नाही, ज्याची त्याची शिफ्ट, ज्याची त्याची वेगळी सुट्टी. मंडळी भांडून मोडली असती तर बाबांनी समेट तरी घडवला असता. पण सगळ्यांची मिळून एक सुट्टीच उरली नाही, त्याला ते काय करणार? तेलुगू माणसं म्हणाली, आम्ही आमच्या सोयीने रविवारी संध्याकाळी जमू. हिंदीवाल्या तरुण पोरांनी कल्याणला एक मोठी सभा शोधली, तिथे कीबोर्ड होता, गाणी होती. खोलीचा मालकही एक दिवस येऊन म्हणाला, लोक विचारतात वर काय चालतं, उस्ताद, मला नको ही कटकट. रामसूरत चाचांना दम्याने धरलं, ते गावाकडे गेले. बाबा म्हणाले, "आता कुणाची कुणाला बोली येत न्हाय. जो तो आपापलं म्हणतो, शुद्ध म्हणतो."

मग एका शुक्रवारी बाबांनी मला विचारलं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. फी मागितली नाही, वेळ मागितला नाही, लग्न कर असंही कधी म्हणाले नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "येतेस का? एक वरीस. तिघांचं बोलणं येणारं माणूस पायजे. माझ्याच्यानं आता जिना चढवत न्हाय. तू आलीस तर जमतील."

मी त्या वेळी लॅपटॉपसमोर बसून निबंध तपासत होते. टर्म चालू होती. प्रमोशनचं चाललं होतं. व्हिसाचाही एक पेच होता, एवढे महिने बाहेर राहिले तर कायम राहण्याच्या परवान्याचं घोंगडं भिजत पडणार होतं. कारणं सगळी खरी होती, त्यातलं एकही मी बनवलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, असं मध्येच कसं येणार? आमच्याकडे वर्षभर आधी सांगावं लागतं. आणि तुमच्या मंडळीत आता माणसं तरी किती उरलीत?"

बोलून गेले. तोंडातून गेलं. आमच्याकडे. तुमच्या मंडळीत.

मला वाटलं नेट गेलं. मी हॅलो हॅलो करत होते. मग त्यांचा आवाज आला, "बरं." नंतर म्हणाले, "थंडी लय हाय का तिकडं?" आम्ही थंडीवर बोललो. मी फोन ठेवला आणि उरलेले निबंध तपासले.

पुढच्या शुक्रवारी काहीतरी वेगळं होतं, ते काय हे माझ्या लवकर लक्षात आलं नाही. बाबा म्हणाले, "आम्ही पाचजण जमलो व्हतो. आम्ही नरसय्याच्या घरी बसलो." त्याच्या पुढच्या शुक्रवारी, "आम्ही बरे हाओत." आम्ही. आम्ही. आम्ही. याआधी ते नेहमी आपण म्हणायचे. आज आपण वीसजण जमलो, आज आपल्याकडे बाप्तिस्मा झाला. मी चार हजार मैलांवर असले तरी मला आत धरून बोलायचे. आता मी बाहेर. व्याकरणाने अगदी बरोबर होतं, मी तिथे नव्हतेच. ते रागावले असते, घालूनपाडून बोलले असते तर मी भांडले असते, रडून मोकळी झाले असते. पण त्या माणसाने एक शब्द बदलला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी तो मुद्दाम बदलला की त्यांच्या नकळत बदलला, हेही मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीन वर्षं ते आम्ही म्हणत राहिले, आणि मग गेले.

मी पोचले तेव्हा त्यांना पेटीत ठेवलं होतं. दफनाला बरीच माणसं आली, मला वाटलं होतं त्याहून जास्त. पण ती तीन घोळक्यांत उभी होती. आधी हिंदीवाल्यांनी प्रार्थना केली, त्यांच्या कल्याणच्या पास्टरनी. मग तेलुगूंनी, नरसय्या मामांनी. मी कान देऊन ऐकत होते. मामा मेमु म्हणाले, मनम् नाही. आम्ही पापी, आम्हाला क्षमा कर, जसं बायबलात छापलंय तसं, बिनचूक. मग मराठीची पाळी आली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी थिऑलॉजीची डॉक्टर. मी पुढे झाले, तोंड उघडलं, आणि आम्ही म्हणू की आपण म्हणू हे मला कळेना. आपण म्हणायचा मला काय अधिकार, आणि आम्ही म्हणायला माझ्या बाजूला उभं होतं कोण? शेवटी आईने माझा हात धरून मला मागे घेतलं आणि माती टाकली.

आईला मी माझ्याबरोबर चल म्हटलं. हट्टच धरला. ती म्हणाली, "तिकडं मी कुणाशी भांडू?" ती आता रविवारी संध्याकाळी नरसय्या मामांच्या बायकोबरोबर तेलुगू उपासनेला जाते. तिला त्यातलं फारसं कळत नाही, पूर्वी पाठ केलेलं होतं तेही विसरली. मी विचारलं, मग कंटाळा नाही येत? म्हणाली, "गाणी चांगली हायेत. आणि ती माझ्यासाठी जागा धरते." मराठी उपासना आता होत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. रामसूरत चाचांची ती प्रार्थना मी दर वर्षी पहिल्या लेक्चरला सांगते. मुलांना फार आवडते. ती हसतात, मग काहींचे डोळे भरतात. मला ती सांगता येते चांगली, बाबांचा आवाजही काढता येतो. या वर्षी एक केनियाहून आलेली मुलगी होती, तिने शेवटी हात वर केला आणि विचारलं, तुम्ही सगळे अजून तशीच प्रार्थना करता का? आणि मी क्षणभरही न थांबता म्हटलं, येस, वी स्टिल डू.

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी फळा पुसला.

हा इंग्रजीतला 'वी' फार सोयीचा आहे. त्यात मी आहे की नाही हे कुणी विचारत नाही. पंचवीस वर्षं मी त्याच्या आडोशाला मजेत राहिले. घरी आले आणि ठरवलं, निदान तुम्हाला तरी खरं कळवायचं, मराठीत. कागद घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'आपली मंडळी मोडली' असं लिहिलं आणि खोडलं, कारण ती मोडताना मी होते कुठे? 'तुमची मंडळी मोडली' लिहिलं, तेही खोडलं, ते एकदा तोंडातून गेलं तेवढं पुरे झालं. 'आमची' लिहिलं तर हसूच आलं, इथे या किचनमध्ये मी एकटी. मला इथे लोक विचारतात, होम म्हणजे तुझ्यासाठी नक्की काय, इकडचं की तिकडचं? मी काहीतरी छानसं उत्तर देते. खरं उत्तर असं आहे की जिथल्या बोलीत मला स्वतःला लपवता येत नाही ते माझं घर, आणि तिथे मला आता फक्त एक वाक्य धडपणे लिहिता येतं.

बाबांनी बोलावलं होतं, आणि मी गेले नाही.